वाईट गोधडीही असते

कादंबरी छापून झाली, की तिच्यावर चार माणसे चार तऱ्हांनी लिहितात. एकाला पात्रे उभी राहिलेली दिसत नाहीत, दुसऱ्याला शेवट ओढूनताणून आणलेला वाटतो, तिसरा भाषेवर बोट ठेवतो. मी कादंबऱ्या लिहिते. हा मार मला ठाऊक आहे, आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. आपण केलेल्या वस्तूकडे कोणी तरी निरखून पाहिले, एवढे समाधान त्या मारात असते. गाण्याच्या बैठकीला जाणकार असतो, नाटकाला परीक्षणकार असतो, चित्रांच्या प्रदर्शनालाही कोणी तरी असतो. पण घरात हाताने केलेल्या वस्तूंना, म्हणजे गोधडीला, लोकरीच्या टोपड्याला, कागदाच्या कंदिलाला, चिंध्यांच्या बाहुलीला, टीकाकार नाही. त्यांच्या वाट्याला येते ते केवळ कौतुक. "वा, छान केलंय!" एवढे म्हणावे आणि फराळाच्या ताटाकडे वळावे, अशी आपली रीत आहे.

या लेखात मला त्या वस्तूंची टीका करायची आहे. सणासुदीच्या अंकात हा खाष्टपणा कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळी हाच हातकामाचा मोसम. कंदील, किल्ला, तोरणे, रांगोळी यांनी घर गजबजते. शाळांतून 'टाकाऊतून टिकाऊ'ची प्रदर्शने भरतात. जुन्या साड्यांच्या पिशव्या, बांगड्यांना लोकर गुंडाळून केलेली झुंबरे, रद्दीच्या टोपल्या यांची कृती जो तो दुसऱ्याला सांगत असतो. इतक्या वस्तू होतात, आणि त्यांतली चांगली कोणती व वाईट कोणती हे कोणीच बोलत नाही. हे मला त्या वस्तूंवरचे प्रेम वाटत नाही. सरसकट कौतुक हा दुर्लक्षाचाच एक सभ्य प्रकार आहे, असे माझे मत आहे. आणि त्याची किंमत कोण मोजते, ते मी पुढे सांगणार आहे.

आरंभ गोधडीपासून करू. कारण मराठी घरातल्या हातकामाची ती थोरली जाऊ आहे.

गोधडी म्हटले, की आपल्या लेखणीला पाझर फुटतो. मायेची ऊब, आजीच्या लुगड्याचा वास, आईचा हात! ही भावना खोटी आहे असे मी म्हणत नाही. परंतु गोधडीविषयी इतके लिहून-बोलून झाल्यावरही ती शिवली कशी होती, टाके सारखे होते की नव्हते, याचा त्यात एक शब्द नसतो. ज्या बाईने चार दुपारी जमिनीवर वाकून ती शिवली, तिच्या मायेला आपण दाद देतो आणि तिच्या कसबाला देत नाही. जणू माया असली की टाका आपोआप सरळ पडतो!

वास्तविक गोधडीच्या मागे कापडाचा केवढा तरी हिशेब असतो. पूर्वी नऊवारी लुगडे मधोमध विरले, की विरलेला भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडीत. याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही झिजले, की ते जुनेर होई. जुनेराची बाळाची दुपटी होत, झबली होत. मऊ धोतराचे लंगोट होत. त्यातूनही जे उरे ते गोधडीत जाई, आणि गोधडीही फाटली की तिचे पायपुसणे, शेवटी पोतेरे. एका कापडाचे हे सात जन्म ज्या बाईच्या डोक्यात पक्के असत, तिला कोणते कापड कुठे लावायचे हे शिकवावे लागत नसे. अंगाला लागणाऱ्या बाजूला मऊ जुनेर. मळ आणि ओढ सोसणाऱ्या कडेला गडद, जाडसर पट्टी. पोटात रंग उडालेले, कोणी पाहणार नाही असे तुकडे. आपण जिला गोधडीची नक्षी म्हणतो, ती अशा निर्णयांतून उतरलेली असते.

टाक्याचेही तसेच. धावदोरा हा शिवणातला सगळ्यांत साधा टाका. सुई खाली घालायची, वर काढायची, एवढेच. बऱ्याच ठिकाणी तो कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन घालीत मध्याकडे जातो. पाहणाऱ्याला ती पाण्यावरच्या तरंगांसारखी शोभा वाटते. पण त्या ओळी तिथे आहेत त्या कामासाठी. कापडाचे थर एकमेकांवरून सरकू नयेत, विरलेल्या कापडाला दोऱ्याचा आधार मिळावा, आणि थरांमध्ये थोडी हवा कोंडून राहावी; कारण ऊब देते ती ही कोंडलेली हवा. ओळी फार लांब लांब घातल्या तर थर गोळा होतात, फार जवळ घातल्या तर गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. या दोहोंमधले अंतर हातालाच कळावे लागते.

आता मूळ मुद्द्यावर येते. वाईट गोधडीही असते. सदऱ्यांच्या कॉलरी आणि शिवणी न उसवता तसेच तुकडे आत घातले, तर निजणाऱ्याला गाठी टोचतात. विरलेल्या पातळ कापडावर नव्या ताठ कापडाचे ठिगळ लावले, तर ठिगळ टिकते आणि त्याच्या कडेने जुने कापड फाटते. दोरा जास्त ओढला, की चुण्या पडून कोपरे उचलले जातात. थरांवर थर चढवून जाडी आणली, तर सुई पार जात नाही, टाके मोठे होतात, आणि धुतलेली गोधडी दोन दिवस वाळत नाही. अलीकडच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या गोधडीत घातल्या, तर त्या घाम टिपत नाहीत, अंगावरून घसरतात, आणि कितीही धुतल्या तरी सुती कापडासारख्या मऊ होत नाहीत. असली गोधडी आईने शिवली असली तरी ती वाईटच. तिने दिलेली माया आपण ठेवून घ्यावी. पण गोधडीला चांगली म्हणू नये. कारण वाईट गोधडीला चांगली म्हटले, की चांगल्या गोधडीला म्हणायला आपल्यापाशी शब्दच उरत नाही.

जगात इतरत्रही बायकांनी जुन्या कापडाचे हेच केले आहे. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर जोडून कांथा शिवतात. शिवायचा रंगीत दोरा पुष्कळदा साडीच्याच काठातून ओढून काढलेला असे. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या सनदी अधिकाऱ्याने खेड्यापाड्यांतून असे कांथे गोळा केले, म्हणून ते आज संग्रहालयात पाहायला मिळतात. आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी समाजाच्या बायका अशाच गोधड्या शिवतात. त्या कोपऱ्यापासून शिवायला घेतात, कडेकडेने फिरत मध्यावर येतात, आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची 'फुले' बसवल्याशिवाय गोधडी पुरी झाली असे मानत नाहीत. ही फुले थंडी अडवीत नाहीत. पण वस्तू पुरी कधी झाली याचे एक माप त्या समाजात ठरलेले आहे, आणि ते शिवणाऱ्या प्रत्येकीला पाळावे लागते. टीकेची सुरुवात होते ती इथे. पुरे आणि अपुरे यांत फरक करणे, हेच टीकेचे पहिले काम.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामीतून आलेल्या काळ्या शेतमजुरांची ही वस्ती. तिथल्या बायका शेतात झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. १९७२ साली एका मोठ्या दुकानासाठी उशांचे जाड कॉर्डुरॉयचे अभ्रे शिवायचे काम त्यांना मिळाले, तेव्हा उरलेल्या तुकड्यांनी त्यांच्या गोधड्यांत नवे रंग आले. २००२ साली या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या नामांकित संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. गोधडी भिंतीवर गेली हे चांगले झाले की वाईट? पांघरायची वस्तू टांगली म्हणजे तिचा प्राण गेला, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. भिंतीवर गेल्यामुळे तिच्याकडे प्रथमच कोणी तरी निरखून पाहिले. अमुक बाईची रंगांची जोडणी धीट, तमुक बाईची सावध, असे नाव घेऊन बोलणे सुरू झाले. खंत आहे ती एवढीच, की त्यासाठी ती पलंगावरून उचलून भिंतीला लावावी लागली. पलंगावर असतानाही डोळे उघडे ठेवता आले असते.

गोधडीचे गुणगान इथवर वाचून कोणाला वाटेल, की उपयोगाची वस्तू तेवढी चांगली आणि शोभेची ती वाईट, असा माझा कौल आहे. तसे मुळीच नाही. आपल्याकडे शोभेच्या हातकामाचेही एक घराणे आहे, आणि त्याचे नाव रुखवत.

रुखवत म्हणजे मुळात वधूपक्षाच्या बायकांनी नवरदेवाकडे न्यायचे खाद्यपदार्थ. पुढे त्या ताटांशेजारी मुलीच्या हातच्या वस्तू मांडण्याची चाल पडली. क्रोशाचे रुमाल, मण्यांचे नारळ, जाळीच्या कापडावर लोकरीने भरलेली हरणे, काडेपेट्यांचे टेबल-खुर्ची, आणि सुपारीचे भटजी व भटजीबाई. यांतल्या बहुतेक वस्तूंचा संसारात काडीइतका उपयोग नसे. विचारी माणसांनी रुखवताची थट्टा केली, ती या निरुपयोगीपणावरून. मुलीची परीक्षा घेण्याचा हा प्रकार होता, हा आक्षेप तर खराच आहे. तरीही मी रुखवताची बाजू थोडी घेणार आहे. ज्या घरात मुलीच्या हाताला धुणे, भांडी आणि शिवण यांखेरीज दुसरे काम नव्हते, तिथे कोणाच्याही गरजेसाठी नसलेली वस्तू करायला मिळण्याची ही एकच सवलत होती. गोधडी तिने घरासाठी शिवली. सुपारीचा भटजी तिने गंमत म्हणून केला.

आणि हा भटजी चांगला की वाईट, हेही सांगता येते. सुपारी ही घोटलेल्या डोक्यासारखीच दिसते. तिला धाग्याची शेंडी चिकटवली, की भटजी हजर! तो पाहताना आपल्याला सुपारीही दिसते आणि भटजीही दिसतो; दोन्ही एकदम दिसतात म्हणून हसू येते. १९४२ साली पिकासोने सायकलची खोगीर आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले, त्यातली किमया हीच आहे. खोगीर खोगीरच राहते, हँडल हँडलच राहते, आणि तरी बैल आपल्याकडे पाहतो. त्या थोर चित्रकाराशेजारी आपल्या मावशीचा भटजी बसवला म्हणून कोणी रागावू नये. डोळ्याची करामत दोन्हीकडे एकाच जातीची आहे. उलट थर्माकोलचा ताजमहाल घ्या. थर्माकोलच्या जागी साबण असता, पुठ्ठा असता, तरी तो ताजमहाल तसाच झाला असता. सामानाला स्वतःचे काही बोलायचेच नाही. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली ती कचऱ्याच्या कारणाने. पण कलेच्या कारणानेही मला तिचे दुःख झाले नाही.

तेव्हा माझे माप असे. गोधडी असो की भटजी, वस्तूला काही तरी काम असावे. मग ते ऊब देण्याचे असो, खेळवण्याचे असो, की हसवण्याचे. ज्या सामानाची ती केली, त्या सामानाचा गुण तिच्यात उतरावा, तो रंगाखाली दडपला जाऊ नये. आणि हात नेटका असावा. जुन्या साड्यांच्या पट्ट्या वेणीसारख्या विणून, ती वेणी गोल गुंडाळून शिवलेले पायपुसणे या मापाला उतरते. तिथे कापडाचे पाणी टिपणे कामी येते, आणि उडालेले रंग वेणीत मिसळून नवेच दिसतात. उरलेल्या लोकरीचे लहान लहान चौकोन विणून, एकाच गडद रंगाच्या किनारीने जोडलेले पांघरूण उतरते. ती किनार नसेल, तर मात्र रंगांचा बाजार होतो. रद्दी भिजवून, कुटून, त्यात कसर लागू नये म्हणून मेथीची पूड घालून, भांड्यावर थापून केलेली आजीच्या वेळची टोपली उतरते. पण जुन्या चकत्यांना टिकल्या चिकटवून भिंतीला टांगल्या, प्लास्टिकच्या बाटलीला सोनेरी रंग फासून तिला फुलदाणी म्हटले, तर तिथे कचरा कुंडीतून निघून दिवाणखान्यात आला, याहून अधिक काही घडलेले नसते. ठिगळांची वस्त्रे घालणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक चिंधेबुवाही म्हणत. त्यांच्या हातातले गाडगे साधे होते, पण त्याला जेवणपाण्याचे पक्के काम होते. त्याच्यावर कोणी वेलबुट्टी काढली नव्हती, आणि काढायची गरजही नव्हती.

आता किंमत कोण मोजते त्याविषयी.

मी शाळेत शिकवते. दर वर्षी वर्गावर्गांतून 'टाकाऊतून टिकाऊ'च्या वस्तू गोळा होतात. एका शाळेतल्या अशा प्रदर्शनात सहावीतल्या एका मुलीने चुंबळ आणून ठेवली होती. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पिळून, त्यांचे कडे करून, त्यावर दुसरी पट्टी आवळून गुंडाळलेली. शेवटचे टोक आत खोचलेले, कुठे दिसत नव्हते. पहिले बक्षीस मिळाले ते आइस्क्रीमच्या काड्यांच्या बंगल्याला. त्या काड्यांनी आइस्क्रीम कधी पाहिलेही नव्हते; कागदाच्या दुकानात त्या नव्या कोऱ्या, गठ्ठ्याने विकत मिळतात. चुंबळीविषयी परीक्षक बाई म्हणाल्या, "ही तर नेहमीचीच वस्तू आहे."

नेहमीचीच आहे, हे खरे. परंतु ती नेहमीची का झाली, याचा विचार बाईंनी केला नाही. गोल बुडाची घागर डोक्यावर ठेवली तर ती डळमळते आणि सगळा भार टाळूच्या एका ठिकाणी येतो. चुंबळीच्या कड्यात घागरीचे बूड बसते, भार कड्याभर पसरतो, आणि मान ताठ ठेवता येते. कापड फार मऊ असेल तर कडे दबून चपटे होते. फार ताठ असेल तर डोक्याला रुतते. म्हणून आत पिळलेले आणि बाहेर मऊ. चिंधीतून याहून शहाणी वस्तू निघालेली मी पाहिलेली नाही. राजस्थानात आणि गुजरातेत तिच्यावर मणी, कवड्या, गोंडे चढवून तिला नटवतात. पण मणी काढून घेतले तरी तिची अक्कल जागेवर राहते.

त्या मुलीच्या घरी नळ नव्हता. चुंबळ रोजच्या वापरातली होती. आणि इथेच आपल्या 'टाकाऊ' या शब्दातली मेख दिसते. "घरातून टाकाऊ वस्तू आणा," असे आम्ही शिक्षक वर्गात सहज सांगतो. पण काही घरांत टाकाऊ असे काही नसतेच. तेलाचा डबा तिथे पाणी साठवायला लागतो, पत्र्याचा तुकडा छपराला लागतो, फाटकी साडी पडद्याला लागते. टाकण्याइतके ज्याच्या घरी असते, त्यालाच टाकाऊतून टिकाऊ करता येते. ज्याच्या घरी तेही नसते, पण पैसे असतात, तो काड्यांचा गठ्ठा विकत आणतो. आणि जिच्या घरी चिंधीचे शास्त्र तीन पिढ्या चालत आले आहे, ती मुलगी टेबलाच्या टोकाला उभी राहते आणि आपल्या आईला जे येते ते काही फारसे नाही, असा धडा घेऊन परतते. न पाहता केलेल्या कौतुकाची किंमत ती मोजते.

शाळेत हातकाम आले ते यासाठी नव्हे. १९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने नव्या शिक्षणाची योजना आखली. तिच्यात हस्तोद्योग हा शिक्षणाचा गाभा होता. मुलाने केलेली वस्तू खपण्याजोगी असावी, तिच्यातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर त्याच वेळी टीका झाली. मुलांना मजूर करून ठेवाल, अशी भीती अनेकांना वाटली. ती भीती मलाही निराधार वाटत नाही. पण त्या योजनेत एक गोष्ट होती: वस्तूची परीक्षा होणार होती. सूत तुटले तर ते तुटले. ते छान आहे असे म्हणून भागणार नव्हते. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. शब्द चांगला आहे, कार्य आणि अनुभव. पण प्रदर्शनाच्या टेबलापर्यंत येता येता कार्य पालकांकडे गेले आणि अनुभव दुकानदाराकडे.

याहून वेगळे करता येते, हे दाखवणारी माणसे आपल्याकडेच झाली. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक काढले. बालवाडीतल्या कागदाच्या घड्यांवरून त्यांना ते सुचले होते. कात्री नाही, खळ नाही. एक चौकोनी कागद आणि घडी घालणारे बोट. घडी चुकली तर कागदच सांगतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या, तेव्हा शिंपले, बिया, पाने हेच त्यांचे साहित्य होते. मुलांच्या परिसरातले असल्यामुळे कोणालाही ते विकत आणावे लागत नसे. अरविंद गुप्ता यांनी १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी घेऊन आकृत्या केल्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. पूल आणि छप्पर यांत त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनी कळते. पुढे पुण्यात त्यांनी कचऱ्यातून असंख्य खेळणी केली, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांना मी सुंदर म्हणते. कोणीही रंग फासलेला नाही, आणि प्रत्येकाला नेमून दिलेले काम आहे.

चंदीगडचे नेकचंद हे रस्त्यांवरचे सरकारी देखरेखीचे नोकर. १९५७ च्या सुमारास त्यांनी गुपचूप रानात फुटक्या बांगड्या, कपबश्या, दगड यांची एक नगरी उभारायला घेतली. १९७६ साली ती लोकांना खुली झाली. तिथे काचेच्या बांगड्यांचीच वस्त्रे झाली आहेत. बांगडी तिथे लपवलेली नाही; ती चमकते ती बांगडी म्हणूनच.

आता दिवाळीकडे वळते. हातकामाला टीकाकार नाही असे मी आरंभी म्हटले. त्याला एक अपवाद आहे, आणि तो प्रत्येक गल्लीत सापडेल. तो म्हणजे किल्ला. दगड, विटांचे तुकडे, जुने पोते आणि लाल माती यांखेरीज त्याला काही लागत नाही. हिरवळ हवी म्हणून मुले अळीव किंवा मोहरी चार-पाच दिवस आधी पेरून ठेवतात. वस्तू सगळ्या टाकाऊ. पण किल्ल्याला कोणी 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणत नाही, आणि तो टिकाऊ नसतोही. तुळशीच्या लग्नापर्यंत ढासळतो. तरी शतदा कौतुक झालेल्या फुलदाणीपेक्षा तो चांगला असतो. कारण शेजारच्या आळीतली पोरे तो पाहायला येतात आणि कमरेवर हात ठेवून विचारतात, "बुरुज आहे, पण पाण्याचं टाकं कुठे? माचीवर जायची वाट कुठून? दरवाजा सरळ समोर कसा? शत्रू थेट आत शिरेल की!" किल्लेदार पोरगा रडकुंडीला येतो, भांडतो, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात दरवाजा वळवून घेतो. पुढच्या वर्षी टाके आधी खणतो. मराठीत यापेक्षा सकस टीका फार थोड्या ठिकाणी चालत असेल. अलीकडे प्लास्टरचे तयार किल्ले मिळू लागले आहेत. त्यांना कोणी नावे ठेवत नाही. म्हणूनच ते फिके पडतात.

हीच नजर घरातल्या इतर वस्तूंना लाभावी, एवढेच माझे मागणे आहे. मुलाने बांबूच्या कामट्यांचा कंदील केला, तर तो हातात घेऊन पाहावा. कामट्यांचे सांधे दोऱ्याने घट्ट बांधले आहेत का? पतंगाचा कागद ताणून बसला आहे की झोळ पडला? कणकेची खळ पातळ राहिली असेल तर कागद कडेने सुटेल. शिजवताना आणखी थोडा वेळ ढवळायला हवी होती. दिवा लावल्यावर प्रकाश खालच्या झिरमिळ्यांपर्यंत उतरतो का? कंदील सरळ टांगला जातो का, की एका बाजूला कलतो? यांतला एक प्रश्न विचारला, तरी मुलाला कळते, की हे काम खरे काम आहे, आणि ते पाहणाऱ्याने खरोखर पाहिले आहे.

त्याला वाईट वाटेल, ही भीती असते. थोडे वाटेलही. पण मुलांना खोटी शाबासकी फार लवकर ओळखू येते; वर्गातली इतकी वर्षे मला त्याची साक्ष देतात. ज्या मुलीला कोणी तरी सांगितले असते, की चुंबळीचे टोक तू फार सफाईने आत खोचले आहेस, पण कडे आणखी एक वेढा जाड हवे, तिने बक्षिसाची वाट पाहिली नसती. ती घरी जाऊन आईला म्हणाली असती, "आई, अजून एक पट्टी दे." आणि आई म्हणाली असती, "आण इकडे, दाखवते."